पाटावरचं घर

(नेपाळमधलं एक गाव. वरच्या आळीत, भूकंपात पडलेल्या घराच्या जागी नव्या पायासाठी खणलेले खड्डे. त्यातल्या एका खड्ड्यात खालच्या आळीत दिलेली बेखामाया. काठावर तिचा धाकटा भाऊ नातिकाजी आणि त्याची बायको हेराशोभा.)

हेराशोभा: आधी वर या, दिदी. तुम्ही खड्ड्यात नि मी वर, असं बोलताना मलाच उद्धट वाटतं.

बेखामाया: येते गं. नातिकाजी, धर मला. नुसता बघत काय उभा राहिलास? ... हं. हा चिखल बघ, हेरा. हात लाव. नुसता ओला नाही, गार आहे. हे आमच्या हिटीचं पाणी, खालच्या आळीत दगडी मकराच्या तोंडातून पडायचं ते.

हेराशोभा: तुमच्या हिटीचं पाणी माझ्या घराच्या पायात काय करतंय?

बेखामाया: तुझ्या घराच्या आधीपासून इथं आहे ते.

हेराशोभा: आणि तुम्हाला सांगितलं कुणी? काल संध्याकाळी खणताना ही विटांची कमान लागली. आज माझं तोंड धुऊन व्हायच्या आत तुम्ही हजर, मागं खालच्या आळीची निम्मी माणसं. कुणी सांगितलं?

नातिकाजी: मी... फोन केला होता. सहज. म्हणजे, चौकशीला.

हेराशोभा: सहज.

नातिकाजी: अगं, बहीण आहे माझी.

हेराशोभा: आणि मी कोण, भाडेकरू?

बेखामाया: त्याला नको बोलूस. तो गप्प बसला असता आणि तुम्ही यावर सिमेंट ओतलं असतंत, तर तिहारच्या भाऊबीजेला मी त्याच्या कपाळाला टिळा लावला नसता. जन्मात नाही.

हेराशोभा: सिमेंट उद्याच ओतायचंय. मिक्सर ठरलाय, माणसं ठरलीत.

बेखामाया: ऐक तरी. हिवाळाभर आम्ही काय करतोय ते तू बघितलंयस. डोंगरावरच्या तळ्यापासून निघालो, घरटी एक माणूस, पाळीपाळीनं. भूकंपानं पाट जागोजागी मोडला होता. तो बांधत बांधत भैरवाच्या देवळापर्यंत आलो. तिथवर पाणी खळखळत येतं, आणि मग जमीनच गिळते त्याला. पुढं पाट कुठून जातो ते ठाऊक असलेला एक म्हातारा उरला नाही.

नातिकाजी: अर्धी गल्ली उकरली होती यांनी. माझी मोटरसायकल दोनदा पडली.

हेराशोभा: टँकर येतो की.

बेखामाया: टँकर! अगं, टँकर पाठवणारे त्याच्याही पुढं गेले. परवा त्यांचे साहेब आले होते. म्हणाले, बोअर मारतो, वर काळी टाकी बसवतो, तिथून पाईप आणून मकराच्या तोंडात घालतो. फोटोत काही कळणार नाही, म्हणाले. त्या दगडी मकराच्या तोंडात प्लास्टिकची नळी, हेरा! दवाखान्यातल्या म्हाताऱ्यासारखी! आम्ही म्हटलं, साहेब, चहा घ्या आणि निघा.

हेराशोभा: तुमच्या मकराचं मला काही वाईट वाटत नाही असं नाही. पण दोन हिवाळे मी पत्र्याखाली काढलेत. रात्री पोरीची छाती वाजते, ती ऐकत मी बसते. मला घर पाहिजे. लोखंडाचं, खांबांचं. मातीची भिंत मला परत दिसायलाही नको. मी होते त्या भिंतीखाली. सासूबाईंचा हात माझ्या हातात होता, दिदी. आधी ऊबदार होता.

बेखामाया: ... माझी आई होती ती.

हेराशोभा: माहीत आहे.

नातिकाजी: हेरा, पण त्या दिवशी तुला बाहेर काढलं ते खालच्या आळीच्याच—

बेखामाया: गप्प बस! पुन्हा तोंडातून काढू नकोस ते. ढिगाऱ्यातून माणूस काढलं, म्हणून त्याच्याकडं जागा मागायची? एवढी का वाईट वेळ आलीय आमच्यावर?

हेराशोभा: ... बरं झालं तुम्ही बोललात. यांचं वाक्य पुरं झालं असतं ना, तर मी मिक्सर आत्ताच बोलावला असता.

बेखामाया: बोलावशील. ओळखते मी तुला. आता माझं सरळ ऐक. घर बांधू नको असं मी म्हणतच नाही. आमचं जुनं घर पाटाच्या याच कमानीवर उभं होतं, आणि आत राहणाऱ्या एकालाही पत्ता नव्हता. तू लोखंड घाल, सिमेंट घाल. रस्त्याच्या बाजूनं वीट दिसली आणि खिडक्या लाकडाच्या असल्या की झालं, ते तर सगळ्या गावानं मिळून ठरवलंय. तुझा फक्त हा एक खांब पाटावर येतोय. तो हलव. तुमचा नकाशा काढणाऱ्या त्या इंजिनियर मुलीला मी विचारलं. हलतो, म्हणाली.

हेराशोभा: तिलाही विचारून झालं?

नातिकाजी: तिचा नंबर मीच...

हेराशोभा: तुम्ही बोलूच नका. दिदी, एक खांब हलला की सगळेच हलतात. म्हणजे खड्डे परत खणायचे. पावसाळा तोंडावर आलाय.

बेखामाया: आमची माणसं खणतील.

हेराशोभा: मग माझंही एक ऐका. हे पाणी आमच्या आळीखालून जातं आणि बाहेर पडतं तुमच्याकडं. लग्न होऊन आले, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी घागर घेऊन तुमच्या हिटीवर आले होते. तुमच्या सासूबाईंनी मला बाजूला उभं केलं. खालच्या आळीतली शेवटची घागर भरेपर्यंत. नव्या नवरीला, सगळ्यांसमोर.

बेखामाया: केलं होतं. नियमच होता तसा.

हेराशोभा: तो नियम आता नको. या पाटाला इथं तोंड ठेवा. माझ्या जागेच्या कोपऱ्यात, रस्त्याकडच्या बाजूला. उतरून घागर बुडवता येईल अशा पायऱ्या करा. माझ्या एकटीसाठी नाही, वरच्या आळीतल्या सगळ्यांसाठी.

नातिकाजी: हेरा! खालचे ऐकायचे नाहीत. आपल्या बापजाद्यांपासून कधी—

हेराशोभा: नाही ऐकले तर मिक्सर आहेच.

बेखामाया: कोपरा जाईल तुमचा. तिथं दुकान काढणार होतास ना रे?

नातिकाजी: हो... मोबाईलचं. शटरचं मापही दिलंय मी.

हेराशोभा: शटरवाल्याशी मी बोलते.

बेखामाया: अगं, आईनं तुला पसंत केलं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, पोर फारच गरीब वाटते.

हेराशोभा: मग त्या काय म्हणाल्या?

बेखामाया: म्हणाली, थांब जरा.

* * *

नातिकाजी: आलीस? काय ठरलं गुठीच्या सभेत? तुझ्या तोंडावरून काही कळत नाही.

बेखामाया: आधी पाणी दे. घसा बसलाय ओरडून.

हेराशोभा: टँकरचं आहे.

बेखामाया: दे तेच. ... हां. तर पहिल्यांदा उठले आमच्या आळीचे थोरले, कुलमान काका. उठायलाच त्यांना इतका वेळ लागतो की मग कुणी मध्ये बोलत नाही. म्हणाले, वरच्यांनी आधी घागरी बुडवल्या, तर आमच्या देवाला उष्टं पाणी जाईल.

नातिकाजी: वाटलंच होतं मला.

हेराशोभा: उष्टं.

बेखामाया: पुढं ऐक. मी म्हटलं, काका, भूकंप झाल्यापासून टँकरचं पाणी देवाला घालताय. ते कुणाचं उष्टं आहे, कधी ड्रायव्हरला विचारलंत?

नातिकाजी: असं म्हणालीस? कुलमान काकांना?

बेखामाया: मग कुणाला म्हणू, देवाला? मग त्यांचा मुलगा उठला. तो काठमांडूहून इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. म्हणाला, नातिकाजीला गावाबाहेर बसथांब्याकडं जागा देऊ, घर तिकडं बांधू दे, म्हणजे पाट आपला मोकळा.

हेराशोभा: गावाबाहेर.

बेखामाया: मी तिथंच त्याच्या अंगावर जाणार होते. पण रत्नमाया उठली.

नातिकाजी: आपली रत्नमाया? ती बोलली?

बेखामाया: मीही थक्क झाले. भूकंपानंतर सगळ्या गावाची चूल एकच होती, आठवतंय? गुठीची मोठी पातेली ढिगाऱ्यातून उपसली, पोचे आलेले ठोकून काढले, आणि उघड्या शेतात दोन्ही आळ्यांचा भात शिजला. वाढायला रत्नमाया होती. ती म्हणाली, तेव्हा पानात भात घालताना मी कुणाला विचारलं नाही, तू वरचा का खालचा. आता ते विचारायचं असेल तर आत्ताच सांगा, मी माहेरी जाते. अरे, नातवंडं आहेत तिला, आणि म्हणते माहेरी जाते! पण कुणी हसलं नाही. एकेक करून सगळ्या बायका उभ्या राहिल्या.

नातिकाजी: आणि काका?

बेखामाया: बसले. बसायला काही वेळ लागला नाही त्यांना.

हेराशोभा: म्हणजे?

बेखामाया: म्हणजे तोंड इथंच, तुझ्या कोपऱ्यात. पाणी दोन्ही आळ्यांचं. वर आधी की खाली आधी, हा प्रश्नच नाही, जो घागर घेऊन येईल त्यानं भरावी. कमान आमचे गवंडी बांधतील, चुना आणि विटांची भुकटी घालून. तळाला काळी चिकणमाती, जुन्या लोकांनी घातली होती तशी. तुझ्या पायाचे खड्डे दोन्ही आळ्या मिळून खणतील. कुलमान काका आपली जुनी वीट देतायत कमानीला.

नातिकाजी: काका देतायत?

बेखामाया: हरले की मन मोठं होतं त्यांचं.

हेराशोभा: हा शब्द कुणाचा, दिदी? गुठीचा?

बेखामाया: माझा. पुरे नाही?

हेराशोभा: पुरे. ... अजून एक.

नातिकाजी: आता अजून काय!

हेराशोभा: खणायला मी पण उतरणार.

बेखामाया: जमेल तुला? दोन्ही बाजूंनी मातीच असते तिथं. डोक्याच्या वर जाते.

हेराशोभा: माहीत नाही. त्या घराच्या खाली काय आहे ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. त्याशिवाय वर झोप लागायची नाही. तुम्ही काठावर उभ्या राहा, म्हणजे झालं.

बेखामाया: काठावर कशाला? शेजारी उभी राहते.

* * *

बेखामाया: श्वास घे. माझ्याकडं बघ. मातीकडं बघू नकोस.

हेराशोभा: मी ठीक आहे. टोपली द्या.

बेखामाया: ठीक आहेस तर दात का वाजतायत?

हेराशोभा: पाणी गार आहे.

बेखामाया: पाणी तुझ्या घोट्याला आहे, दातांना नाही. बोलत राहा काहीतरी. शिव्या घाल हवं तर.

हेराशोभा: कुणाला?

बेखामाया: नवरा आहे की वर.

नातिकाजी: ऐकू येतंय बरं का मला सगळं! टोपली सोडतो, सांभाळा. ... ए! ए, दिदी! हललं! भूकंप! बाहेर या! हेरा, हात दे, हात दे मला!

बेखामाया: हेरा, चल वर. आधी तू. हेरा?

हेराशोभा: थांबा.

नातिकाजी: थांबा काय! ये आधी! सगळे रस्त्यावर पळालेत!

हेराशोभा: कमानीकडं बघा, दिदी. काल बांधली ती. वरची माती पडतेय, कमान जागची हलली नाही.

बेखामाया: बघते नंतर. आता वर हो म्हणते ना! ... हां. पकड तिला, नातिकाजी. मलाही ओढ. ... थांबला का?

नातिकाजी: थांबला. लहानच होता. हेरा, लागलं कुठं?

हेराशोभा: नाही. मोठा नव्हता.

नातिकाजी: आजचं काम बंद. सगळे घरी चला. घरी गाळलेल्या आयलाची बाटली काढतो मी, दोन घोट घेतल्याशिवाय माझा जीव ठिकाणावर यायचा नाही.

बेखामाया: कुठं निघालीस गं? घर तिकडं आहे.

हेराशोभा: चुना कालवलेला आहे, दिदी. वाळून दगड होईल.

नातिकाजी: हेरा, वेड लागलंय का तुला?

हेराशोभा: त्या दिवशी मला वाटलं होतं, जमिनीला माणूस दिसत नाही. आपण काय बांधलं, कुणासाठी बांधलं, तिला त्याचं काही नसतं. आजही नाही दिसला तिला. पण आपल्याला जमीन दिसली ना आता. कुठं मऊ आहे, कुठं कमान लागते, सगळं बघितलंय मी. तुम्ही आयला घ्या. आम्हाला टोपल्या सोडून मग घ्या.

बेखामाया: ऐकलंस ना, नातिकाजी? सोड टोपली.

* * *

नातिकाजी: हॅलो, दिदी? ऐकू येतंय का? तळ्यावरची फळी उचलली! आत्ताच निरोप आला, पाणी सोडलं!

बेखामाया: मोठ्यानं बोल! इथं ढोल वाजतायत. सगळी आळी हिटीच्या पायऱ्यांवर बसलीय, कोरड्या मकराच्या तोंडाकडं बघत. तुमच्याकडं पोचलं का?

हेराशोभा: दिदी, फोन माझ्याकडं आहे आता. हे नव्या घराच्या तळमजल्यावर फरशीला कान लावून पडलेत.

बेखामाया: पडू दे. तू कोपऱ्यावर आहेस ना?

हेराशोभा: पायऱ्यांवर. आळीतल्या सगळ्याजणी आहेत. गेल्या सिठी नखाला, पाणवठे साफ करायच्या सणाला, इथं नुसता चिखल होता, आज उभं राहायला जागा नाही. कुणीही घागर न घेता आलेलं नाही. ... अजून काही नाही. ... थांबा. वास येतोय.

बेखामाया: कसला?

हेराशोभा: ओल्या मातीचा. आतून येतोय. ... आलं! दिदी, आलं! खालची पायरी बुडली! गढूळ आहे, पण जोर बघा काय आहे! अहो, उठा, बाहेर येऊन बघा!

नातिकाजी: ऐकलं मी! घराखालून गेलं, दिदी! बस गेल्यासारखं धडधडत गेलं!

बेखामाया: इथं काही नाही.

हेराशोभा: येईल. अंतर आहे.

बेखामाया: ... अजून नाही. ढोल थांबवलेत यांनी. कुलमान काका माझ्याकडं बघतायत. हेरा, मधली कमान कुठं बसली तर नसेल ना? पावसात रस्ता खचला होता तिथं—

हेराशोभा: बसलेली नाही.

बेखामाया: तुला काय माहीत?

हेराशोभा: आपण बांधलीय, दिदी. माझ्या दारापासून तुमच्या हिटीपर्यंत एक वीट अशी नाही जी माझ्या किंवा तुमच्या हाताखालून गेली नाही. थांबा तुम्ही.

बेखामाया: थांबते. ... अगंबाई!

नातिकाजी: आलं?

बेखामाया: बेडूक!

हेराशोभा: काय?

बेखामाया: मकराच्या तोंडातून बेडूक आला! उडी मारून थेट कुंडात! अरे, हसू नका रे, नवसाचा आहे तो! ... थांब, थांब. घरघरतंय. चिखल आला. काय ओकला बघ मकर! सगळ्या नव्या साड्या बरबटल्या. आणि... हेरा...

नातिकाजी: दिदी? दिदी, काय झालं? बोलत का नाहीस?

हेराशोभा: बोलायला लावू नका त्यांना. ऐका नुसतं.

नातिकाजी: हा पाण्याचा आवाज?

हेराशोभा: पाण्याचा. आणि माणसांचा.

बेखामाया: ... स्वच्छ आलं गं. दंडाएवढी धार आहे. आमच्या लहानपणी तरी एवढी होती का, मला आठवत नाही.

हेराशोभा: कुलमान काका कुठं आहेत?

बेखामाया: धारेखाली. टोपीसकट. मुलगा ओढतोय, तर त्यालाही आत ओढला. इस्त्री गेली त्याची.

नातिकाजी: म्हणावं, काका, वरच्यांचं उष्टं आहे ते!

हेराशोभा: असू दे हो. आज नको.

बेखामाया: ते पाईपवाले साहेबही आलेत. फोटो काढतायत. रत्नमायाला विचारत होते, ही कुठल्या संस्थेची योजना? ती म्हणाली, आमची. ते म्हणाले, हो, पण संस्था कुठली? ती म्हणाली, सांगितलं की आमची. दोन्ही आळ्यांची. मग ते बिचारे वडे खायला बसले.

हेराशोभा: आम्हीही वडे घेऊन येतोच खाली. पहिली घागर भरून होऊ दे.

बेखामाया: या. आणि ऐक, इथं एक बाई आलीय. नदीपलीकडच्या गावातली. सकाळपासून वरच्या पायरीवर बसून आहे. वडे दिले तर खाल्ले नाहीत, नुसती पाण्याकडं बघतेय. त्यांची हिटी भूकंपापासून कोरडी. गावात कुणी साथ देत नाही, वेड लागलंय म्हणतात तिला. मला विचारतेय, सुरुवात कुठून करायची.

हेराशोभा: मग तुम्ही काय सांगितलंत?

बेखामाया: काय सांगणार? म्हटलं, पाणी जिथून निघतं तिथून. पण नुसतं सांगून काय होतंय.

हेराशोभा: कधी सुरू करणार म्हणतेय?

बेखामाया: शनिवारी. एकटी.

नातिकाजी: एकटी? अख्खा पाट एकटी खणणार?

हेराशोभा: शनिवारी सुट्टी, माझं मागावरचं विणकाम बंद असतं. तिला सांगा, भात खाऊन येते मी.